मुगातल्या भुंग्याच्या नराला काटे कशाला? (भाचीच्या प्रोजेक्टसाठी विचारतोय)

तिलकनगरचा_मामा, इंदूर

नमस्कार मंडळी. विषय जरा अडचणीचा आहे पण इथे जीवशास्त्रवाले बरेच दिसतात म्हणून विचारून टाकतो. माझी भाची बीएस्सी सेकंड इयरला आहे, झूलॉजी, आमच्याकडेच राहते. प्रोजेक्टला कीटक हवा होता तर म्हटलं बाहेर कशाला हिंडतेस, बायकोने छावणीतून आणलेले मूग डब्यात आहेत त्याला भुंगे लागलेत, घे तेच. तिने मोबाईलला लावायची लेन्स मागवली आणि झालं, आता घरात दुसरा विषय नाही, जेवताना भुंगे झोपताना भुंगे.

तर तिने वाचलं की या भुंग्यांच्या नराचं जे इंद्रिय असतं त्याच्या टोकाला चक्क काटे असतात, कडक आणि अणकुचीदार, समागमात मादीला आतून जखमा होतात, त्याचे व्रण राहतात आणि मादी मागच्या पायांनी नराला लाथा मारते. हे खरं आहे का? आणि खरं असेल तर माझं डोकं इथे अडकतं की हे निसर्गाने चालू कसं दिलं? मादी जखमी झाली तर अंडी कमी, पिल्लं कमी, म्हणजे नुकसान नराचंही आणि सगळ्या जातीचंही. जे फायद्याचं तेच टिकतं ना उत्क्रांतीत? मी आपला कॉमर्सवाला, मला तोट्याचा धंदा लाखो वर्षं चाललेला पटत नाही.

दुसरं म्हणजे तिला कॉलेजात (नाव नको) सांगितलं गेलं की असला विषय बोर्डावर लावायचा नाही, त्यापेक्षा फुलपाखरं घे. पोरगी हिरमुसलीय. घरच्या घरी करता येईल आणि चार लोकांत मांडताही येईल असं यात काही आहे का?


वरण_भात_लिंबू

मामा आधी उरलेले मूग वाचवा हो! जे चांगले आहेत ते वेगळे काढून दोन दिवस कडक ऊन द्या, मग एरंडेल तेलाचा हात लावून कोरड्या डब्यात. आमच्या सासूबाई वर्षाची तूर अशीच ठेवायच्या, एक भुंगा दिसला तर शपथ. बाकी तुमच्या प्रश्नातलं मला काही कळत नाही पण उत्तरं वाचायला बसलेय.


भृंगराज

मामा, भाचीने वाचलंय ते खरं आहे. पण आधी तिला एवढं बघायला सांगा की डब्यातल्या काही भुंग्यांच्या मिशांना एका बाजूने लांब फाटे फुटलेत का आणि बाकीच्यांच्या नुसत्या बारीक दातेरी आहेत का. तसं असेल तर तो कॅलोसोब्रूकस चायनेन्सिस, फाटेवाले नर, दातेरीवाल्या माद्या. नावातल्या चीनवर जाऊ नका, ते लिनियसने १७५८ मध्ये ठेवलंय, किडा आपल्या मुगा-हरभऱ्यात सर्रास असतो. जखमांवरचं गाजलेलं काम मात्र त्याच्या चुलतभावावर झालंय, कॅलोसोब्रूकस मॅक्युलेटस, चवळीत हमखास सापडतो. त्याच्यात मिशांवरून नर-मादी ओळखणं अवघड, पण मादीच्या अगदी मागच्या टोकाला जी उघडी चकती दिसते ना तिच्या दोन्ही बाजूंना गडद पट्टे असतात, त्यावरून ओळखायचं.

२००० साली क्रजिंग्टन आणि सिवा-जोथी या दोघांचा 'नेचर'मध्ये छोटासा पेपर आला. त्यांनी दाखवलं की या काट्यांनी मादीच्या आतल्या नळीच्या भिंतीला खरंच भोकं पडतात आणि ती भरून तिथे व्रण राहतो. मग काही माद्यांना लाथा मारता येणार नाहीत अशी व्यवस्था केली तर समागम जास्त वेळ चालला आणि जखमाही वाढल्या. म्हणजे लाथ नखऱ्याची नाही, ती स्वतःला वाचवतेय. आणि दोनदा समागम झालेल्या माद्या एकदाच झालेल्यांपेक्षा लवकर मेल्या.

आता तुमचा तोट्याचा धंदा. मामा, तुम्ही नर-मादीचं खातं एकत्र धरलंय, ती पार्टनरशिप नाहीये. दोन वेगळी खाती आहेत आणि 'जात' नावाचं तिसरं खातं तर कुणी उघडलेलंच नाही, त्यामुळे जातीचं नुकसान झालं म्हणून कुणी काही थांबवत नाही. समजा एक मादी शंभर अंडी घालणार होती, जखमेमुळे नव्वदच घातली. ती दोन नरांकडे गेली होती, एकाचे काटे लांब दुसऱ्याचे आखूड. त्या नव्वदातली सत्तर लांब काटेवाल्याची निघाली, वीस दुसऱ्याची. बरोबरीची वाटणी झाली असती तर शंभरातली पन्नास मिळाली असती, इथे सत्तर मिळाली. त्याचं खातं नफ्यातच आहे, तोटा मादीच्या आणि दुसऱ्या नराच्या खात्यात. पुढच्या पिढीत लांब काट्यांचे मुलगे जास्त. (आकडे मी समजावण्यापुरते घेतलेत, मोजलेले नाहीत.)

हे सगळं होऊ शकतं कारण बहुतेक किड्यांत मादी एकाहून जास्त नरांशी समागम करते आणि शुक्राणू आपल्या आतल्या पिशवीत साठवून ठेवते, अंडं घालताना थोडे थोडे वापरते. म्हणजे नरांची स्पर्धा समागम झाला की संपत नाही, ती तिच्या पोटात पुढे चालू राहते. जेफ पार्करने १९७० मध्ये हा विचार नीट मांडला, त्याच्या आधी लोक समजत होते की एकदा जोडी जमली की विषय संपला. खुद्द डार्विनने १८७१ मध्ये लैंगिक निवडीवर (जोडीदार मिळवण्याच्या स्पर्धेतून होणारी निवड) एवढं लिहिलं पण प्रत्यक्ष इंद्रियांना त्याने त्यातून बाहेरच ठेवलं, ती नुसती पुनरुत्पादनाची सोय अशा हिशोबात. ते चुकलं असं आता बहुतेकांचं मत आहे.


तिलकनगरचा_मामा

वा भृंगराज साहेब, खात्यांचं एकदम डोक्यात बसलं. भाची म्हणते मिशांना फाटे आहेत, म्हणजे चायनेन्सिस. पण मग मादी मूर्ख आहे का? एकदा जखम झाली, अंड्यांपुरते शुक्राणूही मिळाले, परत दुसऱ्याकडे कशाला जाते?


भृंगराज

मूर्ख नाही, तहानलेली आहे. हा किडा मोठा झाल्यावर साठवलेल्या धान्यात काही खात नाही आणि पित नाही, अळी असताना दाण्यात जे खाल्लं त्यावर एक-दोन आठवडे काढायचे. कोरड्या डाळीत पाणी कुठलं? आणि मॅक्युलेटसचा नर एका समागमात आपल्या वजनाच्या पाच टक्क्यांहून जास्त द्रव देऊन जातो, विचार करा साठ किलोच्या माणसाला तीन किलो. त्यात पाणी असतं. मॅक्युलेटसच्या माद्यांना प्यायला पाणी ठेवलं तर त्या दुसऱ्या समागमाला कमी तयार होतात, हे तपासून झालंय. म्हणजे तिच्याही खात्यात जमेची बाजू आहे, फक्त ती जखमेच्या खर्चातून वळती होते. शिवाय कधी कधी पिच्छा पुरवणाऱ्या नराला हाकलत बसण्यापेक्षा होऊ दे म्हणणं स्वस्त पडतं, हेही आहेच.


सरळ_प्रश्न

सगळं वाचलं. गोष्ट छान रंगवलीत पण असं गणित मांडून काहीही सिद्ध करता येतं हो. मुळात काटे आहेत, जखम होते, एवढंच दिसतंय. काट्यांमुळे नराला पोरं जास्त होतात हे कुणी बघितलं? मोठे धडधाकट नर असतील, त्यांचे काटेही लांब आणि शुक्राणूही जास्त, काट्यांचा काय संबंध? काटे काढून बघितलेत का कुणी?


भृंगराज

बघितलेत. आणि तुमची शंका रास्त आहे, नेमकी तीच शंका घेऊन ते काम झालं.

स्वीडनमध्ये उप्साला विद्यापीठात गोरान आर्नक्विस्टचा गट या भुंग्यांवर बरीच वर्षं काम करतोय. २०१२ मध्ये कोसिमा हॉट्झी, मिशाल पोलाक वगैरेंबरोबर त्यांनी दोन बाजूंनी घेरलं. एक तर पिढ्यान् पिढ्या निवड करून लांब काट्यांची आणि आखूड काट्यांची अशा वेगळ्या वंशावळी वाढवल्या. आणि दुसरं, सरळ लेझरने काट्यांची टोकं छाटली. भुंगा केवढा, तीन-चार मिलिमीटर, त्याचं इंद्रिय केवढं आणि त्यावरचा काटा केवढा, त्याला लेझर! नराचा बाकी आकार, वजन, सगळं तेच. दोन्हीकडे उत्तर एकच आलं, काटे आखूड झाले की दुसऱ्या नराच्या स्पर्धेत त्याच्या वाट्याला येणारी संतती घटते. म्हणजे धडधाकटपणाचा मुद्दा बाजूला काढूनही काट्यांचा स्वतःचा परिणाम उरतो.

त्यातली मला जास्त आवडलेली गोष्ट पुढची आहे. जखम हा उद्देश असावा असं आधी बऱ्याच जणांना वाटायचं, की मादी जखमी झाली की दुसऱ्याकडे जाणार नाही. ते तपासलं तर तसा काही फायदा दिसला नाही. दिसलं ते असं की काटे लांब असले की नराच्या वीर्यातले पदार्थ त्या भोकांतून मादीच्या शरीरातल्या रक्तासारख्या द्रवात जास्त प्रमाणात उतरतात. आणि किड्यांच्या वीर्यात नुसते शुक्राणू नसतात, मादीच्या अंडी घालण्यावर वागण्यावर परिणाम करणारी प्रथिनं असतात. म्हणजे जखम हा हेतू नाही, ते पदार्थ आत पोचवण्याचा रस्ता आहे, आणि मादीला होणारा त्रास त्याबरोबर फुकटात.


बडोद्याची_मीनल

दोन दिवसांनी बघतेय हा धागा, आणि मंडळी, तुम्ही सगळे अजून नराच्याच टोकाला लटकलेले आहात :)

मादीच्या बाजूलाही काही घडलंच असेल ना इतक्या काळात? घडलंय. आर्नक्विस्टच्याच गटाचं २००७ चं काम आहे, योहाना रॉन पहिली लेखिका. त्यांनी या कुळातल्या वेगवेगळ्या जाती घेऊन नराचे काटे किती घातक आणि मादीच्या नळीची भिंत किती जाड हे शेजारी शेजारी ठेवलं. ज्या जातींत काटे वाढलेत तिथे मादीच्या भिंतीतला चिवट भागही वाढलेला. तो वाढवतो, ती जाड करते, तो अजून वाढवतो, असं चाललंय. आणि हे लाथ मारण्याइतकं डोळ्यांना दिसत नाही म्हणून राहून जातं.

राहून जाण्याचं एक अगदी साधं कारणही सांगते. मी भुंग्यांची ओळख पटवायचं काम केलंय. बऱ्याच भुंग्यांत बाहेरून दोन जाती सारख्याच दिसतात, रंग तोच, ठिपके तेच, मग नराचं इंद्रिय काढून बघितल्याशिवाय नाव सांगता येत नाही. वाळलेला भुंगा कोमट पाण्यात टाकायचा, मऊ झाला की मागून वाकडी टाचणी आत घालून हळूच ओढायचं, सगळं एकत्र बाहेर येतं, मग कॉस्टिक पोटॅशच्या पाण्यात ठेवायचं म्हणजे मांसल भाग विरघळतो आणि कडक तपकिरी नळी तेवढी स्वच्छ उरते, ती ग्लिसरीनच्या थेंबात ठेवून चित्र काढायचं. चिवट असते ती, शंभर वर्षं जुन्या नमुन्यातही शाबूत. मादीचा भाग मऊ, पिशव्या आणि नळ्या, तो पोटॅशमध्ये जरा जास्त राहिला की गेलाच. त्यामुळे पुस्तकांत पानंच्या पानं नराची चित्रं आणि मादीचं बघावं तर एक ओळ. २०१४ मध्ये एका आढाव्यात हेच मोजून दाखवलं की जननेंद्रियांच्या उत्क्रांतीवर काम करणारे लोक मादीकडे फार कमी बघतात आणि हा कल काळाबरोबर सुधारतही नाहीये.

आणि भृंगराजना माझी एक तक्रार, सगळं भांडण म्हणूनच सांगितलंत. विल्यम एबरहार्डने १९८५ मध्ये वेगळा मुद्दा मांडला होता, की मादीच आत निवड करते. कुणाचे शुक्राणू साठवायचे, कुणाचे फेकायचे, कुणानंतर लगेच अंडी घालायची हे तिच्या हातात असतं, आणि नराचं इंद्रिय हे तिला पटवण्याचं साधन आहे, समागमाच्या आतला प्रणय म्हणा. पिठातला तांबडा किडा घ्या, ट्रायबोलियम, आपल्या कणकेत रव्यात असतो तो. त्याचा नर समागम चालू असताना मादीच्या पाठीच्या कडा पायांनी घासत राहतो. जे नर जास्त जोमाने घासतात त्यांच्या वाट्याला जास्त संतती येते. तिथे जखम नाही काही नाही. तर काटेवाल्या भुंग्यावरून सगळ्या भुंग्यांचं अनुमान काढू नका.


भृंगराज

मीनलताई, मान्य. पण दोन्ही एकाच वेळी चालू असू शकतं, नाही का? लाथ ही पण एक निवडच झाली, जो लाथ खाऊनही टिकतो त्याचीच मुलं. कुठे मन वळवणं संपतं आणि कुठे जबरदस्ती सुरू होते ही रेघ किड्याच्या पोटात काढणं अवघड आहे, त्यावर या लोकांचे आपसातही भरपूर वाद झालेत.

बरं, जाता जाता एक, तुम्हाला माहीत असेलच पण मामांसाठी. अलिओकारा ट्रिस्टिस म्हणून एक छोटा रोव्ह बीटल आहे, त्याच्या नराच्या इंद्रियातून निघणारा तंतू त्याच्या शरीरापेक्षा लांब असतो. मादीची नळीही तशीच लांब, पातळ, वळणावळणाची. आता एवढा तंतू समागमानंतर परत पोटात घ्यायचा म्हणजे गुंता होणारच, तर हा पठ्ठ्या काय करतो, तो तंतू स्वतःच्या खांद्यावरून घेतो, पंखांच्या कडेला तो ताणून धरतो आणि मग हळूहळू आत ओढतो. जर्मनीतल्या गाक आणि पेश्के यांनी २००५ मध्ये हे वर्णन केलंय. इंद्रिय वाढलं तर ते आवरायची सवयही बरोबर उत्क्रांत झाली!


सरळ_प्रश्न

लेझरचं पटलं. पण मग शाळेत शिकवायचे ते कुलूप-किल्लीचं काय? प्रत्येक जातीच्या नराची किल्ली त्याच जातीच्या मादीच्या कुलपात बसते, म्हणजे भलत्या जातीशी संकर होत नाही. इतकं सोपं कारण असताना हे सगळं कशाला?


बडोद्याची_मीनल

ते फ्रान्सच्या लेऑं द्युफूरचं, १८४४ चं, आणि अगदीच टाकाऊ नाही. जपानमधले कॅराबस भुंगे बघा, ओहोमोप्टेरस गट. नराला एक आकड्यासारखा कडक भाग असतो आणि मादीला तो बसेल असा खिसा. दोन जातींची भलती जोडी जमली तर त्याचा आकडा मोडतो किंवा तिचा खिसा फाटतो, कधी मरतेही. तिथे कुलूप-किल्ली शब्दशः लागू पडते.

पण सगळीकडे ती लावली की अडचण येते. बऱ्याच गटांत मादीचं कुलूप मऊ असतं, त्यात भलती किल्लीही फिरेल. आणि जर फक्त संकर टाळायचा असता तर मादी एका नराची की अनेक नरांची याने काही फरक पडायला नको होता. आर्नक्विस्टने १९९८ मध्ये हेच तपासलं, ज्या कीटक गटांत माद्या अनेक नरांशी समागम करतात तिथे जवळच्या जातींमधला इंद्रियांचा फरक दुपटीहून जास्त, जिथे एकदाच करतात तिथे कमी. म्हणजे स्पर्धा आणि निवड जिथे जास्त तिथे आकार जोरात बदलतोय. संकर टाळणं हे कारण म्हणून उरतं पण मुख्य नाही.


महूचा_शेणकिडा

आमचा पण एक हात घ्या. पावसाळा लागला की आमच्याकडे चोरल, जानापावच्या बाजूला ताज्या शेणाच्या पोवाखाली माती उकरलेली दिसते, काडीने उचकलं की खाली शेणभुंगे. त्यात ओन्थोफेगसच्या पुष्कळ जाती, छोटे छोटे, बऱ्याच जातींत नराच्या डोक्यावर शिंगं. आणि एकाच जातीत शिंगवाले मोठे नर आणि बिनशिंगाचे बारके नर, दोन्ही. लोकांना वाटतं बारका तो कमनशिबी. तसं काही नाही भिया. मोठा नर मादीच्या बिळाच्या तोंडावर शिंगं रोवून पहारा देतो, बारका बाजूने आपलं वेगळं भुयार काढून थेट मादीपर्यंत पोचतो आणि काम उरकून पसार. आणि चोरून जायचं तर मिळालेल्या एका संधीत जास्तीत जास्त शुक्राणू पोचले पाहिजेत, म्हणून बारक्यांचे वृषण शरीराच्या मानाने मोठे.

आता यात भाचीच्या विषयाला लागून काय आहे ते सांगतो. अळी कोषात असताना तिच्याकडे अन्नाचा साठा ठरलेला असतो, वरून काही मिळत नाही. एक अवयव वाढला तर दुसऱ्याला कमी पडतं. डग्लस एम्लेन आणि ली सिमन्स यांनी २००६ मध्ये ओन्थोफेगस निग्रिव्हेंट्रिसच्या अळ्यांमध्ये शिंग जिथून उगवतं तेवढ्याच पेशी जाळून टाकल्या. भुंगे बाहेर आले ते बिनशिंगाचे, पण आकाराने मोठे आणि वृषण तर त्याहून मोठे. त्याच्या दोन वर्षं आधी मोचेक आणि नायहाउट यांनी उलट केलं होतं, ओन्थोफेगस टॉरसमध्ये इंद्रिय जिथून तयार होतं तो भाग अळीतच काढला, तर शिंगं जास्त वाढली. म्हणजे डोक्यावरचं हत्यार आणि शेपटाकडचं हत्यार एकाच साठ्यातून निघतात.

आणखी एक, सिमन्सने शेणभुंग्यांना बऱ्याच पिढ्या सक्तीने एकपत्नी-एकपती ठेवलं, स्पर्धाच संपवली, तर नरांचे वृषण लहान होत गेले. 'वापरलं नाही म्हणून झिजलं' असं नाही हं, त्यावर खर्च करणाऱ्याला फायदा उरला नाही म्हणून. आणि तो टॉरस, तोच प्राणी आहे जो स्वतःच्या वजनाच्या ११४१ पट ओढतो, २०१० मध्ये मोजलंय. आमचे जिमवाले ऐकून गप्प बसतात.


सिरपूर_दुर्बीण

मी पक्षीवाला, पण सिरपूर तलावाच्या कडेला (२०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे, इंदूरवाल्यांनी जरा प्लास्टिक कमी टाका) पाणभुंगे दिसतात, सायबिस्टर. रात्री कडेच्या दिव्यावरही येतात. एकदा नर हातात आला तर पुढचे पाय उलटे करून बघा, पावलाचा भाग पसरून गोल तबकडी झालेली असते आणि खालून चिकटायच्या वाट्या. मादीच्या गुळगुळीत पाठीवर पाण्यात पकड बसावी म्हणून. आणि या कुळातल्या काही जातींत मादीची पाठ गुळगुळीत नसून खोल खाचांची असते. डार्विनला वाटलं होतं की खाचा नराला धरायला सोयीच्या म्हणून. आता उलटं मानतात, खाचांवर वाटी नीट चिकटत नाही, म्हणजे ती पकड सोडवायची युक्ती. काही जातींत तर एकाच तळ्यात गुळगुळीत पाठीच्या आणि खाचांच्या अशा दोन्ही माद्या सापडतात. इथे इंद्रिय नाही, पाय आणि पाठ आहे, पण खेळ तोच. आणि हे बोर्डावर लावायला कुणाच्या वडिलांची हरकत नसावी.


वरण_भात_लिंबू

अरे बापरे. मी मूग निवडायला बसले होते, आता प्रत्येक भुंग्याकडे बघून वाटतं हा कोण, पहारेवाला की भुयारवाला.


तिलकनगरचा_मामा

मंडळी सगळ्यांचे आभार, भाचीने सगळा धागा वहीत उतरवून घेतला, मीनल ताईंचं पोटॅशचं तर दोनदा. लेझर आमच्याकडे नाही, डबा आहे, मूग आहेत, लेन्स आहे. करायचं काय ते एकदा सांगा. आणि बोर्डावर कसं मांडू हेही.


भृंगराज

मांडायचं पहिलं सांगतो. शीर्षकात 'समागम' 'इंद्रिय' काही नको, 'कडधान्यातल्या भुंग्यात पाण्याची उपलब्धता आणि अंड्यांची संख्या' असं ठेवा, कुणी हरकत घेणार नाही आणि ते खोटंही नाही. आत मजकुरात जे आहे ते सरळ शास्त्रीय शब्दांत लिहावं, लाजायचं कारण नाही, कीटकनियंत्रणवाल्यांनाही हीच माहिती लागते.

काम असं. डब्यातले मूग पसरून ज्यांच्यावर पांढरा चिकटलेला ठिपका आहे ते वेचायचे, ते अंडं. अळी त्याच्या खालूनच दाण्यात शिरते आणि पुढे सगळं आतच होतं, साधारण महिन्याने गोल झाकण उघडून भुंगा बाहेर. असा प्रत्येक दाणा वेगळ्या छोट्या बाटलीत ठेवायचा, रिकाम्या गोळ्यांच्या डब्याही चालतात, तोंडाला मलमल. म्हणजे बाहेर येईल तो भुंगा कुणाला भेटलेला नसेल ही खात्री. मिशा बघून नर-मादी वेगळे करायचे. मग एक जोडी काचेच्या छोट्या वाटीत सोडून मोबाईलवर व्हिडिओ, मादीने पहिली लाथ कधी मारली आणि वेगळे कधी झाले हे घड्याळ लावून लिहायचं. समागम काही मिनिटांचाच असतो, त्यामुळे एका बसण्यात बऱ्याच जोड्या होतात.

त्यानंतर अर्ध्या माद्यांना ओला कापसाचा बोळा द्यायचा, अर्ध्यांना कोरडा. दुसऱ्या दिवशी प्रत्येकीजवळ नवा नर ठेवायचा, परत तयार होते की लाथाडते ते लिहायचं. बरोबर स्वच्छ मूग द्यायचे, ती अंडी त्यावरच घालेल, पांढरे ठिपके मोजायला लेन्सही लागत नाही. चायनेन्सिस आणि मॅक्युलेटस यांचं वागणं अगदी सारखंच निघेल असं नाही, तेच तर बघायचं आहे, उत्तर उलटं आलं तरी बिनधास्त लिही म्हणावं. फक्त एप्रिल-मेमध्ये माळ्यावर ठेवू नका, आपल्याकडच्या चाळिशीच्या वर गेलेल्या उन्हात अंडीच मरतील, तीस अंशाच्या आसपास घरातल्या थंड खोलीत ठेवा.


बडोद्याची_मीनल

एक भर घालते, महत्त्वाची आहे. मोजणी सुरू करण्याआधी डब्यात दुसरी जात मिसळलेली नाही ना ते बघ म्हणावं. किराण्याच्या दुकानात मूग आणि चवळीची पोती शेजारी असतात, दोन्ही जाती एकत्र येऊ शकतात. आणि चायनेन्सिसचा नर मॅक्युलेटसच्या मादीवरही चढतो, त्याच्या काट्यांनी तिला इजा होते आणि तिची अंडी कमी होतात. उलट दिशेने तेवढं नुकसान होत नाही. त्यामुळे ज्या मादीच्या मागच्या चकतीवर दोन गडद पट्टे दिसतील तिला लगेच वेगळं काढायचं, तिच्या बाटलीवर 'म' लिहायचं आणि तिची अंडी बाकीच्यांत धरायची नाहीत. जमलं तर अशा चार-पाच माद्या चायनेन्सिसच्या नरांबरोबर मुद्दाम ठेवून बघ, पण त्याचा तक्ता स्वतंत्र. नर-मादी वाळवून ठेव, इंद्रिय कसं काढायचं त्याचे फोटो मी व्यक्तिगत निरोपात टाकते, पोटॅश हाताळताना हातमोजे आणि चष्मा घाल आणि मामांना जवळ बसव.